चिखलदरा–सेमाडोह–हरिसाल, चार दिवस, ईको गाडी आणि दोन तंबू: मुक्काम कुठे करावा, काय न्यावं?

वरूडकर२२

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं मेळघाटात चाललो आहोत. गाडी सीएनजीवरची ईको. चार दिवस, तीन मुक्काम. वरूड–मोर्शी–चांदूर बाजार–परतवाडा करत पहिल्या दिवशी चिखलदरा. मग सेमाडोह, कोलकास, हरिसाल. शेवटच्या दिवशी नरनाळा किल्ला पाहून अकोटहून परत. चारचार तास चालायची सगळ्यांची तयारी आहे.

विचारायचं एवढंच: जंगलात नदीकाठी तंबू लावता येतो का? सेमाडोहजवळ सिपनेच्या काठावर एक रात्र काढायची फार इच्छा आहे. सीएनजी गाडी घाटात कशी चालेल? स्वयंपाक स्वतःच करणार आहोत, तर पाणी, गॅस किती न्यावं? आणखी काही सुटत असेल तर तेही सांगा.

---

सिपनाकाठ

वरूडकर, आधी नदीकाठच्या तंबूचं सांगतो, कारण बाकी सगळा बेत त्यावरच अवलंबून आहे. तो तंबू लागणार नाही. सेमाडोह, कोलकास हा सगळा पट्टा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला. 1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच नाही, कलम 30 नुसार आग लावणं गुन्हा आहे आणि कलम 31 नुसार हत्यार नेता येत नाही. डांबरी रस्त्याने जायला हरकत नाही, पण रस्ता सोडून आत शिरलात की प्रकरण वेगळं होतं.

कायदा बाजूला ठेवला तरी डिसेंबरात नदीकाठ ही तंबूची जागा नव्हे. दिवाळीनंतर डोंगरातले लहान ओढे आटायला लागतात आणि जनावरं सिपनेच्या डोहांवर गोळा होतात. रानगवा, सांबर, अस्वल यांच्या पाणवठ्याच्या वाटा ठरलेल्या असतात. तुम्हाला सपाट, मोकळी, वाळूची छान जागा दिसते ना, ती बहुतेक त्यांची वाटच असते. वाळूवर खुरांचे ठसे एकावर एक पडलेले दिसले तर दिवसासुद्धा तिथे बसून राहू नये.

मग सिपनेकाठची रात्र कशी काढायची? सेमाडोह आणि कोलकास दोन्हीकडे वनविभागाची निवासव्यवस्था आहे. बुकिंग ऑनलाइन होतं. कोलकासचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर उंचावर आहे, नदी खालून जाते. तुम्हाला जे हवं आहे ते तिथे कायदेशीर मिळतं. शनिवार-रविवार टाळलात तर जागा मिळण्याची शक्यता जास्त. नाताळच्या आठवड्यात मात्र विसरा.

तंबूची रात्र चिखलदऱ्याला ठेवा. तिथे खासगी जागांवर पैसे घेऊन तंबू लावू देतात, संडास-पाण्याची सोय असते. एखाद्या गावात लावायचा असेल तर शेतमालकाला विचारा आणि पोलीस पाटलाच्या कानावर घाला. इथे एक मेख आहे. मेळघाटातली बरीच गावं वनजमिनीवर वसलेली आहेत. मालक मनापासून "लावा" म्हणेल, पण जमीन महसुली नसून वनविभागाची असली तर रात्री वनरक्षक येऊन उठवू शकतो, आणि त्याचं बरोबरच असतं. म्हणून "ही जमीन महसुली की फॉरेस्टची?" हा प्रश्न आधी. कोरकू आदिवासींच्या गावांत दोन समोरासमोर ओळींत घरं असतात. त्या मधल्या मोकळ्या जागेत विचारल्याशिवाय गाडी घालू नका, ते गावाचं अंगण आहे.

वेळेचं गणित: या दिवसांत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दरीत ऊन चार-सव्वाचारलाच जातं. साडेचारच्या आत मुक्कामी पोचायचं असा नियमच करा. अंधारात जंगलातल्या रस्त्याने गाडी नको. नाक्यांवर गेटच्या वेळा असतात, आणि रानगवा रस्त्यात उभा असला तर हेडलाइटमध्ये त्याचे डोळे सांबरासारखे लांबून चमकतील या भरवशावर राहू नका. काळं अंग अंधारात मिसळून जातं, फक्त पायातले पांढरे मोजे दिसतात, तेही जवळ गेल्यावर.

---

गॅरेजवाला_परतवाडा

भाऊ, सीएनजी ईको घाट चढते, पण मरगळते. पेट्रोलच्या मानाने सीएनजीवर ताकद कमी, त्यात चार माणसं अन् सामान. म्हणून चढ लागला की पेट्रोलवर घ्या. वर सीएनजी भेटत नाही, तं गॅस पुरवून वापरायचा प्रश्नच नाही. परतवाड्यात पेट्रोलची टाकी भरून घ्या. परतवाडा–चिखलदरा साधारण 30 किलोमीटर, चिखलदरा–सेमाडोह 25 च्या आसपास, तिथून हरिसाल अन् परत, मग सेमाडोह–परतवाडा 50 च्या आतबाहेर. सगळं मिळून दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर घाटाचं. भरलेली गाडी घाटात 11-12 चं अव्हरेज देते असं धरा, म्हणजे 15 लिटर जाईल. 20 च्या खाली घेऊन चढू नका.

जायच्या आधी आठ दिवस रोज दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवून पाहजा. काहून का, सीएनजी गाडीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहते, जुनं होते, इंजेक्टर चिकटतात. गावात ते समजत नाही. समजते ते थेट चढावर, झटके मारत गाडी बंद पडते तेव्हा.

आता उतार. घाटात गाड्या चढताना अडतात, पण माणसं मरतात उतरताना. ज्या गिअरमध्ये चढले असते त्याच गिअरमध्ये उतरा, दुसऱ्यात, कुठं पहिल्यातसुद्धा. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. सारखा पाय ठेवला की पॅड तापतात, मग ब्रेक ऑइल उकळते, त्यात हवेचे बुडबुडे होतात अन् पेडल थेट खाली जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून दोन वर्षांहून जुनं असेल तं बदलूनच निघा. जळका वास आला की रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्या, वीस-पंचवीस मिनिटं थंडी होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे लोक आहेत. ते बिलकूल करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारा व्हॅक्यूम संपतो, दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखं कडक.

ईको मागच्या चाकांवर चालते. म्हणून जड सामान मागं पण खाली ठेवा, पाण्याचे जार सीटला टेकवून. वर कॅरिअरवर फक्त अंथरूण-पांघरूण. गाडी आधीच उंच अन् अरुंद, टपावर वजन गेलं की वळणावर डोलते.

स्टेपनीत हवा भरून घ्या. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळी घ्या, नाही तं मुरमात जॅक खाली जाते अन् गाडी वरच येत नाही. आखूड वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. एसटीचा हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडेच थांबा, तिला वळायला पूर्ण रस्ता लागते. चाकाला दगड लावला तं निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री त्याच दगडावर दुसऱ्याची मोटारसायकल जाते.

आणि सागाची पानं. डिसेंबरात पानगळ पुरती लागत नाही, पण वळणाच्या कडेला वाळली पानं साचलेली राहतात अन् सकाळी दवानं भिजलेली. त्यावर ब्रेक मारला की गाडी सरकते. कडेची पानं टाळून मधून चाला, वेग कमी.

---

वरूडकर२२

सिपनाकाठ दादा, गॅरेजवाले भाऊ, मनापासून धन्यवाद. कोलकासचं बुकिंग आजच पाहतो. म्हणजे तंबूची एकच रात्र, चिखलदऱ्याला. थंडी किती असते? तंबूत छोटी शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं तर चालेल का? आणि खुंट्या तंबूसोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या आहेत, त्या पुरतील?

---

माळावरचा

निखाऱ्यांचं घमेलं तंबूत? नाही. गॅसची शेगडीही नाही, कंदीलही नाही. दारची चेन लावलेल्या तंबूत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. "थोडी फट ठेवू" म्हणून भागत नाही. गाडीत काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपणं हाही तोच प्रकार.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. डिसेंबरात रात्रीचं तापमान एक आकडी होतं आणि पठारावर वारा असतो. वरूडच्या थंडीच्या हिशेबाने जाऊ नका. थंडी वरून लागते असं वाटतं, पण खरी लागते खालून. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत राहते. म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं. खाली प्लास्टिकची ताडपत्री, त्यावर फोमची चटई, त्यावर वाकळ. वर एक चांगली रजई आणि कानटोपी. रबरी हवेची गादी दिसायला मऊ, पण आतली हवा थंड पडते, नुसती तिच्यावर झोपू नका.

ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन बोटं लहान घडी करून घाला. बाहेर राहिलेल्या कडेवर दव साचतं आणि सगळं पाणी तंबूखाली जातं. सकाळी तंबूच्या आत छताला थेंब लटकलेले दिसतील. तो गळका तंबू नव्हे, तुमच्याच श्वासाची वाफ आहे. वरची जाळीची खिडकी अर्धी उघडी ठेवली तर निम्म्याने कमी होते. दारच बंद करून चौघांनी श्वास घेतला तर रजई ओली होणारच.

खुंट्यांबद्दल. हा सगळा डोंगर काळ्या बेसाल्टचा, वर वीतभर मुरूम. ॲल्युमिनियमची खुंटी दुसऱ्या घावाला वाकते. हार्डवेअरच्या दुकानातून आठ इंची लोखंडी खिळे पंधरा-वीस घ्या, डोक्याला वायसर घाला म्हणजे दोरी निसटत नाही. एक दोन किलोचा हातोडा. खिळा तंबूपासून दूर कलता ठोका, दोरी आणि खिळा यांच्यात काटकोन झाला पाहिजे. ठोकताना टण्ण आवाज येऊन खिळा उसळला तर खाली दगड आहे. जोर लावू नका, चार बोटं बाजूला सरका. कुठेच जात नसेल तर दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. पुढे कधी खाली ओलीत केलेल्या शेतात तंबू लावायची वेळ आली तर हेच खिळे उपयोगाचे नाहीत, काळ्या मातीतून लोण्यासारखे निघून येतात. तिथे फूटभर लाकडी खुंट लागतो.

दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला. कड्यापासून लांब. झाडाखाली लावायचा असेल तर आधी वर बघा: वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ, दोन्ही नकोत. गोठ्याजवळ नको, बिबट्या शेळ्या-वासरांसाठी येतो.

स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक बर्नर पुरेसा आहे. एक बर्नर मोठ्या आचेवर तासाला साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम गॅस खातो. दिवसाला तीन तास धरले तरी चार दिवसांत दोन-सव्वादोन किलो. वाऱ्यासाठी पत्रा लावा, पण पत्र्याच्या आत सिलिंडर येता कामा नये, तापतो. वनविभागाच्या मुक्कामी स्वतःची शेगडी पेटवायची तर आधी विचारा, नाही म्हटलं तर तिथल्या कॅन्टीनमध्ये जेवा.

कुकर न्याच. या उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. डाळ दोन तास आधी भिजत घाला. पहिल्या दिवसाचं जेवण घरूनच: दशम्या, ठेचा, तिळाची चटणी, कोरडा झुणका. पोचल्यावर उजेडात तंबू लावायचा की भाजी चिरायची, ही ओढाताण राहत नाही.

---

आरोग्यसेविका_मेळघाट

भाऊ, पाण्यापासून सुरू करते. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर, म्हणजे चौघांना रोज वीस लिटरचा एक जार. चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल इथे पुन्हा भरता येईल. चालायला निघताना प्रत्येकाच्या पाठीवर तीन लिटर. झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसं पिऊ नका, वर गुरं बसतात. दुहेरी फडक्यातून गाळून, बुडबुडे फुटायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. क्लोरीनचं औषध वापरणार असाल तर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण घ्या आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, आधी तुरटी फिरवून निवळू द्या.

साप. थंडीत कमी दिसतात, नसतात असं नाही. जमिनीवर झोपणाऱ्याला सगळ्यात धोका मण्यारचा. रात्री चावतो, दुखत नाही, सूज येत नाही, डाग शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. कोणी असं उठला तर "काल काही खाल्लं असेल" म्हणत वाट पाहू नका, थेट दवाखान्यात. बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. प्रतिविष आहे का ते फोनवर विचारूनच निघा. अचलपूर आणि धारणी दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय. 108 ला फोन लागतो तिथून लावा, पण जंगलात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. गाडी आहे तर रुग्णवाहिकेची वाट पाहण्यापेक्षा निघालेलं बरं.

सापापासून बचाव साधा आहे. तंबूची चेन सतत बंद, आत-बाहेर करतानाही. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. रात्री उठलात तर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका.

गवतातून चाललात तर पँट मोज्यात खोचा. संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे पाहून घ्या. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-रॉकेल लावू नका. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि अंगावर एखादी न दुखणारी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना "मेळघाटात गवतात फिरलो होतो" हे आवर्जून सांगा. स्क्रब टायफस बारीक कीटकाच्या चाव्याने होतो. 2018 मध्ये विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. मलेरियाही इथला जुना आहे, मच्छरदाणीशिवाय उघड्यावर झोपू नका.

आग्या मोहोळ उठलं तर खाली बसायचं नाही, झोपायचं नाही, पाण्यात उडी तर नाहीच. तोंड कापडाने झाकून सरळ गाडीपर्यंत पळा आणि काचा लावा. अत्तर, धूर आणि दगड मारणारी पोरं ही तीन कारणं असतात.

---

गाविलगडची_वाट

चालण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. व्याघ्र प्रकल्पात मनाने पायी फिरता येत नाही, त्यामुळे तुमचे चार-चार तास गाविलगडाला द्या. चिखलदऱ्याहून अगदी जवळ. सकाळी गेट उघडताच आत जा, संध्याकाळच्या वेळेआधी बाहेर. लोक पहिल्या दोन दरवाजांजवळ फोटो काढून परततात. तुम्ही शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंड (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी) निवांत पाहा, मग मशिदीपर्यंत आणि तिथून तटावरून पुढे. किल्ला फार पसरलेला आहे, नीट पाहायला चार तास सहज लागतात. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. हल्ला उत्तरेकडून झाला, कारण दक्षिणेला सरळ कडा आहे. उत्तरेच्या बाजूने चालत गेलात की जमिनीचा उतार पाहूनच ते कळतं. तलावांतलं पाणी पिऊ नका. तटावर गवत कमरेएवढं असतं, त्याखाली ढासळलेले चिरे आणि खड्डे. काठीने चाचपत चाला.

नरनाळ्याला शहानूरच्या गेटवर नोंद करावी लागते. महाकाली दरवाजासाठी वेळ राखून ठेवा. 1487 मधलं बांधकाम, कमळं आणि कोरीव अक्षरं बघायला सकाळचं ऊन चांगलं. तिथे गाडीने वर जाता येतं म्हणून अंतर लहान समजू नका, किल्ल्यावरही बरंच चालणं आहे.

---

वरूडकर२२

सगळ्यांचे आभार. बदललेला बेत: पहिली रात्र चिखलदऱ्याला तंबूत, दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड आणि दुपारी कोलकास, तिसऱ्या दिवशी हरिसाल पाहून शहानूरला मुक्काम, चौथ्या दिवशी नरनाळा. नकाशात हरिसालहून थेट अकोटला उतरणारा रस्ता दिसतो, परतवाड्याला वळसा घालण्यापेक्षा बराच जवळचा. तोच घेऊ का?

---

सिपनाकाठ

तो रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जातो. नाके आहेत, वेळेचे निर्बंध आहेत, आणि फोनवरचा नकाशा ते सांगत नाही. तोच नकाशा कधी कधी फॉरेस्टच्या कच्च्या वाटेलाही रस्ता म्हणून दाखवतो. हरिसालच्या नाक्यावर विचारा, त्या दिवशी खासगी गाडीला सोडतात का आणि पलीकडच्या नाक्यावर किती वाजेपर्यंत पोचायला हवं. सोडत असले तरी दुपारनंतर निघू नका, आणि ईको कच्च्यात घालू नका.

बेत मात्र परतवाड्यावरूनच धरा: हरिसाल–सेमाडोह–घटांग–परतवाडा, मग अंजनगाव सुर्जी–अकोट–पोपटखेड–शहानूर. परतवाड्याच्या पुढे सपाटीचा रस्ता आहे, पण एकूण अंतर मोठं. हरिसालहून सकाळी नऊच्या आत निघालात तर उजेडी शहानूरला पोचाल. परतवाड्यात जेवण आणि पाण्याचा जार भरून घ्या. शहानूरचा मुक्कामही कोलकाससोबत आजच बुक करा. तिथे खोल्या मोजक्याच, आणि गेटवर जाऊन मिळेल या आशेवर राहिलात तर रात्री अकोटला परत यावं लागेल.